सात विजांचं लाकूड

आमच्याकडे येणारी मुलं पहिल्या आठवड्यात रडतात, दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकाला लागतात आणि तिसऱ्या आठवड्यात घरी पत्र टाकतात, की इथं सगळं बरं आहे, फक्त एक म्हातारा फार थापा मारतो. तो म्हातारा मी.

पत्र टाकतात, कारण मोबाइल पहिल्याच दिवशी गोळा करून ऑफिसातल्या लोखंडी पेटीत ठेवले जातात. शाळा संपलेली आणि कॉलेज सुरू न झालेली सोळा-सतरा पोरं दर वर्षी इथं येऊन राहतात. शेळीचं दूध काढायचं, पाव भाजायचा, चमच्यापासून खुर्चीपर्यंत लागेल ते स्वतःच्या हातानं घडवायचं, काडेपेटीशिवाय विस्तव करायचा, आणि वर्षाच्या शेवटी रानात तीन दिवस एकट्यानं काढून धड परत यायचं. काहींचे आईबाप त्यांना हौसेनं पाठवतात, काहींचे हात टेकून. लोहार त्यांना लोखंड शिकवतो. मी लाकूड आणि कोळसा. आणि माग शिकवायची आमची ही.

शिकवायची म्हणतो, कारण गेल्या वर्षी, ही मुलं यायच्या तीन महिने आधी, मागावर बसल्या बसल्या तिच्या डाव्या हातातून धोटा पडला. धोटा म्हणजे दोरा पोटात घेऊन ताण्याच्या उभ्या दोऱ्यांतून इकडून तिकडे पळणारी लाकडाची छोटी होडी. ती उचलायला वाकली, आणि हात काही तिच्याबरोबर गेला नाही. मग हॉस्पिटल, आणि मग तिच्या बहिणीचं घर, कारण व्यायाम करून घेणारं केंद्र तिथून दोन गल्ल्यांवर होतं. पाय परत आला. जीभ तर गेलीच नव्हती. डावा हात कोपरापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

इथं मोठ्या बाई, म्हणजे ही सगळी व्यवस्था पाहणाऱ्या, दोन महिने थांबल्या. मग म्हणाल्या, "मागाची खोली अशी किती दिवस अडवून ठेवायची हो? साबण करायला जागाच नाही." त्यांचंही चुकत नव्हतं. मी माग उतरवला. तिच्या वडिलांनी तिच्या मापानं घडवलेला माग, तिच्या हाताची पोच, तिच्या गुडघ्यांची उंची बघून. एक खिळा नाही, सगळा खुंट्यांवर उभा. रंग नाही, पॉलिश नाही. पन्नास वर्षं हात लागून लागून लाकूड नुसतं गुळगुळीत झालेलं. त्रेचाळीस तुकडे निघाले. दोरीनं पाच मोळ्या बांधल्या आणि लाकडाच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला लावून ठेवल्या.

प्रत्येक मोळीवर नाव घालायला हवं होतं. खडू माझ्या खिशात होता. नाही घातलं. नाव घातलं म्हणजे ते सामान झालं, आणि सामान झालं म्हणजे ती आता येत नाही, असं माझ्या डोक्यात काहीतरी बसलं होतं.

आता वहीवाली. ह्या वर्षीच्या पोरांत ही एक मुलगी होती, जाड चष्म्याची, गळ्यात सुतळीला वही बांधून हिंडणारी. मी शिंकलो तरी तारीख टाकून लिहील, अशी. वडिलांनी तिला सोडायला आल्यावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "हिच्याकडून गॅससुद्धा पेटत नाही, तुम्ही काय पेटवून घेताय बघा." ती तेव्हा वहीकडे बघत उभी होती. पहिल्याच आठवड्यात शेडमध्ये तिनं मोळ्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आजोबा, हे कसलं लाकूड?"

साधा प्रश्न. साधं उत्तर होतं: हा माझ्या बायकोचा माग आहे, ती आजारी आहे. दोन वाक्यं. ती सोडून दुसरं काहीही बोलायला मी तयार होतो. आणि दुसरं काही मला एकच येतं.

"हे?" मी म्हणालो. "हे सात विजा खाल्लेलं झाड आहे."

"एकाच झाडावर सात?"

"पहिली पडली तेव्हा झाड झोपेत होतं. दुसरीला ते चिडलं. तिसरी त्यानं फांदी पुढे करून झेलली, चेंडू झेलतात तशी. मग विजेलाही इरेला पेटल्यासारखं झालं. सातवी पडली तेव्हा झाड म्हणालं, पुरे बाई, आणि आपण होऊन आडवं झालं. ती वीज अजून आत आहे. वाजवून बघ, घंटेसारखं वाजतं."

तिनं बोटाच्या पेरानं ठोकलं. वाजलं. पन्नास वर्षं वाळलेलं टणक लाकूड, वाजणार नाही तर काय!

"ह्याचा कोळसा केला तर?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण गाडी उताराला लागली होती. "ह्याचा कोळसा पाण्यात विझत नाही. एका लोहाराला मूठभर मिळाला होता. भाता न मारता तीन वर्षं पुरला. शेवटी लोहार कंटाळून मेला, कोळसा काही मेला नाही."

"मग आणखी कुणी का नाही केला?"

"तेवढ्या लायकीचा माणूस भेटला नाही अजून."

तिनं सगळं उतरवून घेतलं. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. मला तेव्हा गंमत वाटली.

दहा महिने गेले. गेल्या आठवड्यात हिचा फोन आला. ऑफिसातला भिंतीवरचा फोन. मी कानाला लावला तर पलीकडे नुसतं धापा टाकणं. मला वाटलं संपलं सगळं. तर म्हणाली, "अहो, जमलं."

"काय जमलं?"

"बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर मी खडूनं माग आखलाय. आपल्या मागाच्या मापानं, बोटभरही इकडेतिकडे नाही. सहा महिने रोज त्याच्यावर बसतेय. धोटा उजव्या हातानं टाकायचा आणि डाव्या कोपरानं अडवायचा. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं जमलं नाही तर उगाच. डॉक्टर म्हणाले, हात यायचा तेवढा आला आता, ह्याच्यापुढे नाही. पण मला एवढा पुरे. गुरुवारी येतेय. माग उभा करून ठेवा."

मोठ्या बाईंना विचारलं. त्यांनी साबणाच्या कढया अर्ध्या खोलीत सरकवायला लावल्या. सोमवारी सकाळी मी पहिल्या बसनं गावात गेलो आणि सूत घेऊन आलो, तिला लागतं तसलं, न रंगवलेलं. परतताना बसमध्ये शेजारच्याला सांगितलं की माझी बायको एका हातानं शिडाचं कापड विणते आणि बंदरातली निम्मी जहाजं तिच्यामुळे चालतात. आमच्यापासून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर आहे. त्याला खरं वाटलं. मी फार खुशीत होतो.

दुपारी दोनला फाटकातून आत आलो तर मागच्या मोकळ्या जागेवर पांढराफेक धूर. माणसाच्या उंचीची, मातीनं लिंपलेली कोळशाची भट्टी, आणि तिच्याभोवती सोळा काळी तोंडं. मोठी भट्टी मंगळवारी मी लावून दाखवणार होतो. पोरांनी एक दिवस आधी, माझ्याशिवाय, स्वतःच लावली होती. रचाई नीट होती. पाल्याचा थर, ओल्या मातीचा थर, खाली वाऱ्याची भोकं, वर धुराचं तोंड, सगळं शिकवल्याबरहुकूम. मला अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू?

वहीवाली पुढे आली. चष्म्याच्या काचाही काळ्या. "आजोबा, विस्तव मी केला. काडेपेटीशिवाय. पहिल्या झटक्यात."

"शाब्बास."

"आणि लाकूड कुठलं वापरलं ओळखा."

"कुठलं?"

"तुमचं सात विजांचं!" बाकीची पोरं टाळ्या पिटायला लागली. "मधोमध रचलं, धुराच्या तोंडाभोवती. तुम्हीच सांगितलंय ना, सगळ्यांत चांगलं लाकूड मधे. दोन तुकडे फार लांब होते, ते कापले. इतकं सरळ, इतकं वाळलेलं, सगळं एकसारख्या जाडीचं! भोकं होती मधे मधे, पण म्हटलं, विजेची असतील."

पायाखालची वाळू सरकते म्हणतात. माझ्या पायाखाली सुताची पिशवी होती. मी तिच्यावरच बसलो.

"आजोबा? लायक माणसं भेटली की नाही शेवटी?"

"भेटली," मी म्हणालो.

कोळशाची भट्टी ही काय चीज आहे ते सांगायला हवं. लाकूड आत धुमसतं, जळत नाही, कारण त्याला हवा मिळत नाही. एकदा पेटवून तोंड बंद केलं की तीन दिवस ती आपली नाही. आत काय चाललंय ते दिसत नाही, फक्त धुराचा रंग बघायचा. पांढरा असतो तोवर लाकडातलं पाणी जातंय. निळसर झाला की लाकूड जातंय. धूर दिसेनासा झाला की सगळी भोकं बुजवायची आणि निवू द्यायची. मधेच फोडली तर हवा आत घुसते आणि जे लाल झालेलं असतं ते सगळं एकदम भडकतं. आणि सगळ्यांत आधी लाल होतं ते मधलं, धुराच्या तोंडाजवळचं.

मी लोहाराकडे गेलो. तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि बोलायला वीस वर्षांनी मोठा. त्याला सगळं सांगितलं. तो घण खाली न ठेवता म्हणाला, "बरी आहे. पण परवाची अस्वलाची ह्याच्यापेक्षा रंगली होती."

"थाप नाही रे ही."

"तीही नव्हती म्हणालास."

मी त्याचा दंड धरून त्याला शेडमध्ये नेलं. मागची भिंत दाखवली. भिंतीशी धुळीत मोळ्यांचे पाच चौकोन उमटलेले होते आणि एक दोरी पडली होती. मग त्यानं घण खाली ठेवला.

"फोड," तो म्हणाला.

"चार तास झालेत पेटवून."

"मग? काही तरी वाचेल."

"मधे आहे सगळं. फोडली तर ज्वाळ दोन माणसं उंच जाईल. भोवती वाळलेलं गवत आणि ही पोरं. आणि इतकं करून हातात येणार निखारे."

त्यानं शेडच्या दारातून भट्टीकडे बघितलं. "बाहेर काढण्यासारखं असतं तर मी गेलो असतो आत," म्हणाला. तो गेलाही असता. पण जाण्यासारखं काही नव्हतं.

"पोरीला सांगितलंस?"

"सांगितलं तर ती नखांनी उकरेल भट्टी. तू बघितलीस ना तिला?"

"मग वहिनींना फोन कर. येऊ नका म्हण."

"हो."

"खरं सांग पण."

"हो रे बाबा."

आणि मग गेलो कुठं, तर भट्टीवरच. न जाऊन करतो काय? पोरांनी ह्याआधी बादलीएवढी भट्टी लावली होती, ही पहिलीच मोठी. कुठं माती खचली, कुठं भेग पडली, तर ओळखणारा मी एकटा. सोळा पोरांना एका धुमसत्या ढिगाशी सोडून मी तोंड लपवून बसू शकत नव्हतो. संध्याकाळी पाचला एक बाजू खचली आणि आतून जीभभर निळी ज्योत बाहेर आली. मी ओल्या मातीचा गोळा घेऊन धावलो आणि थापला. चांगला दाबून थापला. तिचा माग नीट जळावा म्हणून मी माझ्या हातानं भोक बुजवलं.

"बघा, आजोबा कसे करतात," वहीवाली बाकीच्यांना म्हणाली आणि लिहायला लागली.

फोन मंगळवारी केला. मोठ्या बाई टेबलाशी कागद लावत बसल्या होत्या. वाक्य मी पाठ करून गेलो होतो.

"अगं, ऐक—"

"आधी माझं ऐका. आज तीन वेळा धोटा पलीकडे टाकला आणि तिन्ही वेळा कोपरानं अडवला. धोटा म्हणजे बहिणीच्या चष्म्याची डबी. पण अडवला. मेव्हणे म्हणाले, आता जेवायला तरी टेबल मोकळं होईल का? मी म्हटलं, गुरुवारपासून खुशाल जेवा."

"अगं, गुरुवारी नको येऊस."

"का?"

वाक्य तिथंच होतं, जिभेच्या टोकावर. "पूल वाहून गेला," मी म्हणालो.

"कुठला पूल?"

"नदीवरचा."

"आपल्याकडे नदी कुठाय?"

"तेच ना. अचानक आली."

पलीकडे ती हसायला लागली. खाली बसून हसावं तशी, खोकला येईपर्यंत. वर्षभरात तिचं हे हसणं मी ऐकलं नव्हतं. "अरे देवा," ती म्हणाली, "किती दिवसांनी! थांबा, बहिणीला सांगते. येतेय मी गुरुवारी, तुमची नदी बघायला." आणि फोन ठेवला.

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांना सांगावंच लागलं. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खणातून एक कागद काढला. "अपघाताचा अर्ज," म्हणाल्या. "दुसरं काय देऊ मी तुम्हाला?" अर्जावर विचारलं होतं: इजा कुणाला झाली? कुठल्या अवयवाला? प्रथमोपचार केले का? मी पेन हातात घेऊन पहिल्या ओळीवरच बसलो. थोड्या वेळानं त्यांनी तो कागद माझ्यासमोरून हळूच ओढून घेतला.

बुधवारी दुपारी धूर निळा झाला, मग पातळ झाला, मग हवेत नुसता थरथराट उरला. पोरं भोवती उभी राहून कुजबुजत होती, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशी. मी एकेक भोक बुजवायला सांगितलं. शेवटचं वहीवालीनं बुजवलं. मला म्हणाली, "आजोबा, मी बाबांना पत्र लिहिलंय. कोळसा पाठवता येतो का हो टपालानं? एकच तुकडा."

मी म्हणालो, "येतो की."

लोहार जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला, "सांगितलंस वहिनींना?"

"सांगितलं."

"काय?"

"नदी आली म्हणून."

त्यानं कपाळावर हात मारला. "अरे, तुला एकदा तरी..." पण वाक्य त्यानं पुरं केलं नाही. माझं तोंड बघितलं असेल.

गुरुवारी मी फाटकाशी साडेनऊपासून उभा होतो. ठरवलं होतं की गाडीतून उतरायच्या आत सांगायचं. मोठ्या बाई स्वतः तिला स्टँडवरून घेऊन आल्या. दार उघडलं. आधी काठी आली, मग ती. बारीक झालेली, केस कापलेले, डावा हात पोटाशी धरलेला. पण डोळे तेच.

"अगं—"

"हात नका देऊ. बघू दे मला जमतं का." उतरली. उभी राहिली. "हं. कुठाय नदी?"

"अगं, ऐक जरा—"

"आजोबा!" मागून सोळा गळ्यांनी हाक. "फोडायची ना? निवलीय! हात लावून बघितली!"

भट्टी फोडताना जाणतं माणूस लागतं. वरून गार लागते, पण पोटात निखारा असला तर हवा लागताच भडकते. पाण्याच्या बादल्या भरून ठेवायच्या, एका बाजूनं हळूहळू माती ओढायची. मी तिकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"जा की," ती म्हणाली. "पोरं खोळंबलीत. मी येते मागून. माग काय पळून जाणार आहे?"

मी गेलो. दुसरं काय करू शकत होतो, मला अजूनही सुचत नाही.

माती ओढली. आतून गारढोण काळं पोट उघडं पडलं. बाहेरच्या थरातलं लाकूड कच्चं निघालं, अर्धं तपकिरी. पण आत, मधे, पक्क्या कोळशाच्या कांबी उभ्या. वहीवाली वाकून आत शिरली आणि एकेक बाहेर द्यायला लागली. हातात धरल्यावर काचेसारखा आवाज. "एकही चुरा नाही!" ती ओरडली. "आजोबा, बघा ना!"

कोळसा झाला तरी लाकूड आपला आकार सोडत नाही. आकसतं थोडं, एवढंच. तशीच जाडी, तशीच धार, खुंट्यांची भोकं जशीच्या तशी.

ही येऊन उलट्या टोपलीवर बसली होती. पोरांना कळलं होतं की ह्या आजी. त्यांनी पाहुण्यांना दाखवावेत तसे तुकडे तिच्यासमोर गोणपाटावर मांडले. ती कौतुकानं बघत होती. एक, दोन. तिसऱ्या तुकड्याला तिनं हात लावला. अंगठा एका भोकात घातला, मग दुसऱ्या भोकात. मग बोट पुढे नेलं, जिथं पन्नास वर्षं तिचं मनगट टेकून टेकून लाकडाला खळगा पडला होता. खळगा होता तिथंच.

तिनं हात मागे घेतला. पुढचा तुकडा बघितला. मग त्याच्या पुढचा. सगळे मांडून होईपर्यंत ती बघत राहिली, आणि मग माझ्याकडे मान वळवली.

"हा माझा माग आहे का?" ती म्हणाली.

एका पोरानं हातातली बादली खाली ठेवली.

"हो," मी म्हणालो.

वहीवाली भट्टीतून बाहेर आली ती तशीच उभी राहिली, हातात मागाच्या, पायानं दाबायच्या पट्टीचा कोळसा धरून. "माग?" ती म्हणाली. "नाही, हे तर सात विजांचं... आजोबा म्हणाले होते..." तिनं वही उघडली. खरंच उघडली, पानं उलटायला लागली. मग मधेच हात थांबला आणि तिला रडू फुटलं.

"रड नंतर," ही म्हणाली. आवाज चढवला नाही. "आधी सांग, हे तू मधे का रचलंस?"

"सगळ्यांत... सगळ्यांत चांगलं लाकूड मधे ठेवतात."

"बरोबर रचलंस." मग माझ्याकडे. "सात?"

"सात," मी म्हणालो.

"एक पुरली नसती?"

लोहार गोण्या घेऊन आला होता, तो लांबच थांबला. मोठ्या बाई गाडीपाशी. वहीवालीनं नाक पुसलं, गालभर काळं झालं. "आपण नवा करू," ती म्हणाली. "आजोबांना येतं सगळं. आम्ही सगळे करू. दिवसभर करू. आजी, तुम्ही मापं सांगा, मी लिहून घेते. मापं तुम्हाला पाठ आहेत ना?"

"पाठ आहेत," ही म्हणाली. तिची पाठ ताठ झाली. उजव्या हातानं तिनं डावा हात मांडीवर सरळ केला, टेबलाशी बसल्यासारखा. "किती दिवस लागतील हो?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

घडवायला पंधरा दिवस. पण लाकूड? शेडमध्ये होतं ते सगळं ओलं, नाहीतर बोटभर जाडीचं. मागाच्या रुळाला, ज्याच्यावर कापड गुंडाळतात त्याला, चार इंच जाड लाकूड लागतं, आणि जाड लाकूड इंचाला एक वर्ष वाळतं. ओल्याचा केला तर महिन्याभरात पिळवटतो, ताणा धरत नाही. विकतचा आणावा तर तो तिच्या पोचेचा नाही. सहा महिने खडूवर कमावलेलं कोपर पुन्हा पहिल्यापासून, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं, ह्याच्यापुढे नाही. ती एकाहत्तर वर्षांची आहे. हे सगळं तिलाही माहीत. लाकूडकाम करणाऱ्याची मुलगी ती, लाकडाचं गणित तिला मी सांगायला नको.

"चार वर्षं," मी म्हणालो.

वहीवालीनं लिहायला उचललेली पेन्सिल तशीच राहिली.

ही कोळशाकडे बघत होती. बघता बघता तिची पाठ हळूहळू टोपलीवर सैल झाली. मग म्हणाली, "अहो, मारा ना एखादी."

"काय?"

"थाप. जन्मभर मी तुम्हाला गप्प बसा म्हणत आले. आज म्हणत नाही. मधे बोलणार नाही. मारा एखादी चांगली."

मी तोंड उघडलं. समोर सोळा काळी तोंडं, लोहार, मोठ्या बाई, आणि ती. वाघ आठवले, बुडालेल्या बोटी आठवल्या, बंदरातली जहाजं आठवली. एकही हलेना.

"एक झाड होतं," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. उजव्या हातावर हनुवटी टेकवून तिनं माझ्याकडे बघितलं. "मग?"